पडद्यावरचा चेहरा आणि रंगमंचावरचा गळा

न्यूयॉर्क शहरातील ब्रॉडवे हा मुळात एक लांबलचक रस्ता. परंतु नाट्यव्यवसायात त्या नावाचा अर्थ केवळ रस्ता असा राहिलेला नाही. बहुतांशी टाइम्स चौकाच्या आसपास दाटीने वसलेली, प्रत्येकी पाचशे अथवा अधिक आसनांची एक्केचाळीस नाट्यगृहे आणि त्यांत चालणारा मोठा व्यवसाय, असा तो अर्थ आहे. या व्यवसायात एक वाद वारंवार उपस्थित होतो. जुने, गाजलेले संगीत नाटक नव्याने उभे करावयाचे, त्यातील मुख्य भूमिका चित्रपटात नाव मिळविलेल्या नटाला अथवा नटीला द्यावयाची, आणि पहिल्या प्रयोगाच्या दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांतून प्रश्न निघावयाचा : अभिनय ठीक आहे, चेहरा ओळखीचा आहे, पण या पदांना लागणारा गळा कोठे आहे? ज्यांच्या घरी ‘सौभद्र’ आणि ‘मानापमान’ या नाटकांच्या गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या, त्या मराठी श्रोत्यांना हा प्रश्न परका वाटू नये. तथापि तेथील परिस्थिती आपल्याहून पुष्कळच निराळी आहे, आणि ती समजल्यावाचून त्या वादातील न्याय-अन्याय ध्यानी यावयाचा नाही.

प्रथम पैशाची बाजू पाहू. कारण नटाची निवड होते ती तेथूनच. ब्रॉडवेवरील संगीत नाटकाला भांडवल पुरवितात ते खासगी गुंतवणूकदार. नेपथ्य, वेशभूषा, वादकवृंद, नर्तक, तंत्रज्ञ आणि जाहिरात यांचा खर्च पडदा वर जाण्यापूर्वीच झालेला असतो आणि तो पुढे आठवड्यागणिक वाढत राहतो. नव्या नाटकाला नवेपणाचे तरी आकर्षण असते. जुन्या नाटकाचे कथानक सर्वांना ठाऊक, पदे सर्वांच्या तोंडी. मग दूरच्या गावाहून न्यूयॉर्कला आलेल्या पाहुण्याने तेच नाटक का निवडावे? या प्रश्नाला निर्मात्याजवळ तयार असलेले उत्तर म्हणजे फलकावरील एक परिचित नाव. असे नाव असले की तिकिटे महिनोन्‌महिने आगाऊ विकली जातात आणि गुंतवणूकदार निर्धास्त होतात. २०१७ साली बेट मिडलर यांना घेऊन ‘हॅलो, डॉली!’ पुन्हा आले, तेव्हा हेच घडले. २०२२ साली ह्यू जॅकमन ‘द म्यूझिक मॅन’मध्ये उतरले, तेव्हाही हेच. निर्मात्यांना केवळ लोभी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु शंभर माणसांचे वेतन दर आठवड्याला ज्याला द्यावे लागते, त्याची गणिते प्रेक्षागृहात बसून करता येत नाहीत.

ही प्रथा नवीनही नाही. ‘हॅलो, डॉली!’ हे नाटक १९६४ साली कॅरल चॅनिंग यांनी गाजविले. त्या गेल्यावर तीच भूमिका जिंजर रॉजर्स, बेटी ग्रेबल अशा चित्रपट-तारकांनी केली आणि नाटक वर्षानुवर्षे चालले. परंतु एक भेद लक्षात घ्यावा. त्या पिढीच्या तारका मुळात संगीत-चित्रपटांतून आलेल्या, नाचगाण्यात तयार झालेल्या होत्या. जिंजर रॉजर्स तर चित्रपटात नाव काढण्यापूर्वी ब्रॉडवेवरच गात-नाचत होत्या. आजच्या चित्रपट-ताऱ्याची तालीम बहुधा तशी झालेली नसते. शब्द तोच राहिला, त्यामागील माणूस बदलला.

आता गळ्याची बाजू. ब्रॉडवेचा नियम आठवड्याला आठ प्रयोगांचा. एक दिवस सुटी, उरलेल्या सहा दिवसांपैकी दोन दिवशी दुपारी एक व रात्री एक असे दोन-दोन प्रयोग. ऑपेराच्या गायकाला मोठी भूमिका असेल तर दोन प्रयोगांमध्ये एखाद-दोन दिवसांची विश्रांती मिळते. तेथील व्यवस्थाच तशी आखलेली असते. ब्रॉडवेवर ती सोय नाही. बुधवारी दुपारी गाऊन झाले की चार-पाच तासांनी तेच सारे पुन्हा, आणि गुरुवारी पुन्हा. आपल्याकडील गवई मैफलीत आपला घसा पाहून राग बदलतो, तार षड्‌जाला आज किती वेळा जावयाचे ते स्वतःच ठरवतो. संगीत नाटकातील तेथील नटीला हे स्वातंत्र्य नाही. कोणता सूर, कोणत्या मात्रेला, किती वेळ धरावयाचा, हे संगीतकाराने लिहून ठेवलेले असते, आणि त्याच क्षणी खाली बसलेले वीस-पंचवीस वादक तोच सूर वाजवीत असतात. घसा बसला आहे म्हणून पद आवरते घेता येत नाही.

त्यातही अमेरिकन संगीत नाटकात स्त्रीच्या आवाजाचा एक विशिष्ट प्रकार रूढ आहे. त्याला ते लोक ‘बेल्टिंग’ म्हणतात. साध्या शब्दांत सांगावयाचे तर, बोलण्यात वापरला जाणारा छातीचा भरीव आवाज पातळ न होऊ देता, तसाच्या तसा उंच सुरांपर्यंत चढवीत न्यावयाचा. पांढरी एक ही पट्टी धरली, तर तार षड्‌जाला स्वरतंतू सेकंदाला पाचशेहून अधिक वेळा कंप पावतात. त्या उंचीवर बहुतेक स्त्रियांचा आवाज आपोआप हलका, डोक्यात गेल्यासारखा होतो. तो तसा होऊ न देता शब्द स्पष्ट ठेवावयाचा, भावना बोलल्यासारखी ठेवावयाची आणि शिवाय दम पुरवावयाचा, हे वर्षानुवर्षांच्या मेहनतीचे काम आहे. १९५९ साली ‘जिप्सी’ रंगभूमीवर आले तेव्हा त्यातील एथेल मर्मन यांचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत अंगच्या बळावर पोहोचत असे.

येथे कोणी म्हणेल, आता तर प्रत्येक नटाच्या केसांत अथवा कपाळावर इवलासा ध्वनिक्षेपक लपविलेला असतो. मग गळ्याची एवढी चिंता कशाला? ही समजूत फार पसरलेली आहे, आणि ती अर्धीच खरी आहे. ध्वनिक्षेपक आवाज मोठा करतो. दमसास वाढवीत नाही, ढळलेला सूर जागेवर आणीत नाही, पोकळ आवाजाला भरीव करीत नाही. उलट श्वासाची धाप, सुरावर पोहोचताना घेतलेला आधार, शब्दांतील ओढाताण, हे सारे तो इमानाने मोठे करून दाखवितो. नभोवाणीच्या खोलीत बसून बोलणाऱ्या कोणालाही याचा अनुभव असतो.

मग चित्रपटातील सर्वच नट संगीत नाटकाला नालायक ठरतात काय? मुळीच नाही, आणि या वादात जी गफलत होते ती येथेच. संगीत नाटकातील सर्व भूमिका एका जातीच्या नसतात. ‘माय फेअर लेडी’चे उदाहरण घ्या. बर्नार्ड शॉ यांच्या ‘पिग्मॅलियन’वरून लर्नर आणि लोव या जोडीने ते रचले आणि १५ मार्च १९५६ रोजी त्याचा पहिला प्रयोग झाला. (त्याच ‘पिग्मॅलियन’वरून पु. ल. देशपांडे यांनी १९७५ साली ‘ती फुलराणी’ लिहिले. मात्र ते गद्य नाटक.) प्राध्यापक हिगिन्सची भूमिका रेक्स हॅरिसन यांनी केली. ते चित्रपटातील नामांकित नट, पण गाणे त्यांना येत नव्हते. संगीतकार लोव यांनी त्यांच्या आवाजाचा आवाका किती ते अगोदर पाहिले आणि पदे अशी बांधली की, ती सुरांच्या कडेकडेने बोलत जावीत. हिगिन्स हा भाषाशास्त्रज्ञ. बोलणे हेच त्याचे शस्त्र. त्यामुळे गायनातील उणीव ही पात्राचा स्वभाव होऊन बसली. ‘द म्यूझिक मॅन’मधील फिरत्या विक्रेत्याची भूमिकाही याच जातीची. १९५७ साली ती प्रथम केली ती रॉबर्ट प्रेस्टन या चित्रपट-नटानेच, आणि तिचे सर्वांत गाजलेले पद म्हणजे तालावर वेगाने केलेले भाषण आहे.

याहून सूक्ष्म उदाहरण स्टीफन सोंडहाइम यांचे. १९७३ साली ‘अ लिटल नाइट म्यूझिक’ची तालीम चालू असता नायिकेसाठी एक पद हवे असे ठरले. नायिका होत्या ग्लिनिस जॉन्स. ब्रिटिश चित्रपटांतून आलेल्या, आवाज गोड व किंचित खरखरीत, पण दम आखूड. सोंडहाइम यांनी त्यांच्यासाठी छोट्या छोट्या ओळींचे, बहुतेक ओळी प्रश्नासारख्या तुटणाऱ्या, असे पद रचले. ‘सेंड इन द क्लाउन्स’ ते हेच. पुढे जगभरच्या मोठमोठ्या गायिकांनी ते गाइले. मुळात मात्र ते कमी दमाच्या नटीच्या मापाने शिवलेले वस्त्र होते. २००९ साली हे नाटक पुन्हा आले, तेव्हा ती भूमिका चित्रपट-तारका कॅथरीन झीटा-जोन्स यांनी केली आणि त्यांना टोनी पारितोषिकही मिळाले. निवडीवर थोडी कुरकुर झाली खरी. परंतु भूमिकेच्या मुळाशीच गायिकेपेक्षा अभिनेत्री होती, हे विसरता येत नाही.

म्हणजे पहिल्यांदा नाटक बसते तेव्हा संगीतकार जिवंत असतो, तालमीत बसलेला असतो, आणि नटाच्या गळ्याकडे पाहून पद वरखाली करू शकतो. पुनरुज्जीवनात ही वाट बरीच अरुंद होते. पट्टी उतरविता येते. पण पट्टी उतरविली की वाद्यमेळाचा सारा रंग बदलतो, शेजारच्या पात्राचा सूर अडचणीत येतो, आणि मुख्य म्हणजे श्रोत्याच्या कानात बसलेली मूळची ध्वनिमुद्रिका क्षणोक्षणी विरोध करू लागते. नव्या नटीची तुलना जिवंत माणसाशी होत नाही. ती चाळीस-पन्नास वर्षे न बदललेल्या एका तबकडीशी होते.

चित्रपटाने या अडचणीतून आपली वाट केव्हाच काढली आहे. ‘जिप्सी’चा चित्रपट १९६२ साली निघाला, तेव्हा मर्मन यांची भूमिका रोझलिंड रसेल यांना मिळाली आणि त्यांच्या गाण्याचा बराच भाग लिसा कर्क यांच्या आवाजात भरला गेला. मार्नी निक्सन या गायिकेचे नाव तर या संदर्भात आदराने घ्यावयास हवे. ‘द किंग अँड आय’मध्ये डेबोरा कर, ‘वेस्ट साइड स्टोरी’मध्ये नॅटली वुड आणि १९६४ च्या ‘माय फेअर लेडी’ चित्रपटात ऑड्री हेपबर्न, या तिघींच्या तोंडी ऐकू येते ते गाणे प्रामुख्याने या एकाच बाईंचे. हिंदुस्थानात पार्श्वगायकाचे नाव नटाइतकेच घरोघर माहीत असते. तेथे मात्र ते झाकून ठेवण्याचा प्रघात होता, आणि निक्सन यांना आपल्या कामाचे श्रेय पुष्कळ उशिरा मिळाले. गमतीची गोष्ट अशी की, ‘माय फेअर लेडी’च्या रंगभूमीवरील नायिका ज्यूली अँड्र्यूज यांना चित्रपटात पुरेशा प्रसिद्ध नाहीत म्हणून वगळले गेले, आणि त्याच वर्षीचे ऑस्कर त्यांनी ‘मेरी पॉपिन्स’साठी पटकावले. रेक्स हॅरिसन मात्र पडद्यावरही स्वतःच म्हणाले. अगोदर मुद्रित केलेल्या गाण्यावर ओठ हलविणे त्यांना जमेना, म्हणून चित्रीकरणाच्या वेळी त्यांच्या गळपट्टीत बिनतारी ध्वनिक्षेपक बसवावा लागला.

रंगभूमीला ही वाट बंद आहे. आणि काही नाटके अशी आहेत की, त्यांत गाणे हे अलंकार नसून कथानकाचा पुरावाच असते. या प्रकारचे नमुनेदार उदाहरण म्हणजे ‘फनी गर्ल’. फॅनी ब्राइस ही खरोखरीच होऊन गेलेली विनोदी नटी व गायिका. नाटकातील फॅनी रूपाने बेताची आहे; नाट्यगृहाचे मालक तिला परतवून लावतात; आपण मोठ्या होणार असे ती एकटीच सांगत राहते. प्रेक्षकाने तिच्यावर विश्वास का ठेवावा? ती तोंड उघडून गाते म्हणून. पहिल्या अंकाच्या अखेरीस ती सर्वांचा सल्ला झुगारून निघून जाते, तेव्हाचे पद ऐकून प्रेक्षागृहाला वाटले पाहिजे की, या बाईला अडविणे कोणालाच शक्य नाही. ते तसे वाटले नाही, तर मालकांचेच म्हणणे खरे ठरते आणि नाटक उलटते. संगीत होते ज्यूल स्टाइन यांचे. ‘जिप्सी’चे संगीतही त्यांचेच. भक्कम गळ्यासाठी लिहिण्याची त्यांना सवय होती. २६ मार्च १९६४ रोजी पहिला प्रयोग झाला, तेव्हा बार्बरा स्ट्रायसँड यांना बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते.

त्यानंतर अठ्ठावन्न वर्षे ब्रॉडवेवर हे नाटक पुन्हा आले नाही. स्ट्रायसँडवाचून ते होणार नाही, अशी जणू लोकश्रुतीच झाली. वस्तुस्थिती तशी नाही. स्ट्रायसँड १९६५ च्या अखेरीस नाटकातून बाहेर पडल्या आणि मिमी हाइन्स या गायिकेने ते पुढे १९६७ च्या उन्हाळ्यापर्यंत चालविले; एकूण प्रयोग १,३४८ झाले. परंतु १९६८ च्या चित्रपटाने स्ट्रायसँड यांचा आवाज सर्वांच्या कानांत कायमचा बसविला आणि हाइन्स विस्मृतीत गेल्या. २०११ साली दूरचित्रवाणीवरील एका नामवंत अभिनेत्रीला घेऊन नाटक उभे करण्याचा बेत ठरला. गुंतवणूकदार मागे हटल्यामुळे तो रद्द झाला. लंडनमध्ये २०१५ साली शेरिडन स्मिथ यांना घेऊन ते झाले. २०१६ मध्ये त्यांना काही आठवडे रजा घ्यावी लागली, तेव्हा त्यांच्या बदली नटी नताशा बार्न्स यांनी भूमिका सांभाळली आणि वाहवा मिळविली.

अखेर २४ एप्रिल २०२२ रोजी न्यूयॉर्कच्या ऑगस्ट विल्सन नाट्यगृहात पडदा वर गेला. फॅनीच्या भूमिकेत होत्या बीनी फेल्डस्टाइन. ‘लेडी बर्ड’ आणि ‘बुकस्मार्ट’ या चित्रपटांमुळे त्या सर्वतोमुखी झाल्या होत्या. रंगभूमीचाही त्यांना अनुभव होता, कारण २०१७ च्या ‘हॅलो, डॉली!’मध्ये त्यांनी एक दुय्यम भूमिका केली होती. विनोदाची जाण उत्तम, वागणे लोभस. परंतु समीक्षकांपैकी बहुतेकांनी लिहिले की, मोठ्या पदांचे ओझे हा आवाज पेलू शकत नाही. टोनी पारितोषिकांच्या नामावलीत या नाटकाचे एकच नामांकन आले, तेही एका सहायक नटाचे. तिकिटांची विक्री खाली येऊ लागली, आणि ३१ जुलैला फेल्डस्टाइन ठरल्या मुदतीआधीच बाहेर पडल्या.

ऑगस्टचा महिना बदली नटी ज्यूली बेन्को यांनी काढला. ६ सप्टेंबर २०२२ पासून ली मिशेल आल्या. त्यांची प्रसिद्धी दूरचित्रवाणीवरील ‘ग्ली’ या मालिकेची. पण मुळात त्या लहान वयापासून ब्रॉडवेवर वाढलेल्या, आणि त्या मालिकेतही त्यांचे काम गाण्याचेच होते. नेपथ्य तेच, दिग्दर्शन तेच, वादक तेच. त्याच वर्षाच्या अखेरच्या आठवड्यात उत्पन्न वीस लाख डॉलरांच्या वर गेले, नाटकाची ध्वनिमुद्रिका निघाली, आणि ३ सप्टेंबर २०२३ पर्यंत नाटक चालले. एकच नाटक, एकच वर्ष, बदल मुख्यतः एका गळ्याचा : असा प्रयोग एरवी शास्त्रज्ञालाही सहसा करावयास मिळत नाही. या सर्व प्रकरणात टीका झाली ती फेल्डस्टाइन यांच्यावर, आणि ती मला अन्यायाची वाटते. भूमिका मागणे हा नटाचा धर्म आहे. ती कोणाला पेलेल हे पाहण्याचे काम निर्मात्याचे व दिग्दर्शकाचे. त्यांनी पदे ऐकूनच निवड केली असणार. मग जो दोष कानांचा, तो गळ्याच्या माथी का मारावा?

याउलट टोकाची एक घटना १९९४ साली लॉस एंजेलिस येथे घडली होती. अँड्र्यू लॉइड वेबर यांचे ‘सनसेट बुलेव्हार्ड’ तेथे ग्लेन क्लोज यांच्या भूमिकेने चालले होते. क्लोज न्यूयॉर्कच्या प्रयोगासाठी निघाल्या, तेव्हा त्यांच्या जागी चित्रपट-तारका फे डनावे यांची निवड जाहीर झाली, तिकिटेही विकली गेली. तालमी चालू असतानाच निर्मात्यांनी सांगितले की, या भूमिकेच्या गायनाची गरज डनावे भागवू शकत नाहीत, आणि तेथील प्रयोगच बंद केले. डनावे यांना हे मान्य नव्हते. त्यांनी न्यायालयात दावा लावला आणि तो पुढे तडजोडीने मिटला. म्हणजे एका ठिकाणी पडदा वर गेल्यानंतर जे जाहीरपणे घडले, ते दुसऱ्या ठिकाणी पडदा वर जाण्यापूर्वी घडले. दोन्हींत लाज वाट्याला आली ती नटीच्याच. योगायोग पाहा, या नाटकाची नायिका म्हणजे बोलपट आल्यामुळे मागे पडलेली मूकपटातील तारका! पुढे २०१७ साली सत्तरीच्या उंबरठ्यावर असलेल्या क्लोज यांनी चाळीस वादकांच्या साथीने ती भूमिका ब्रॉडवेवर पुन्हा केली. त्यांचा आवाज मुळातही शिकवलेल्या गायिकेचा नव्हे, आणि वयाचा परिणाम त्यावर होताच. पण मोडत चाललेल्या वैभवाची ती कथा, तिच्यात मोडका सूरही खपून गेला. २०२४ साली हेच नाटक निकोल शेरझिंगर या गायिकेने केले आणि २०२५ चे टोनी पारितोषिक मिळविले. तेथे मात्र गळा हाच सर्व काही होता.

आपल्याकडे या प्रश्नाचे रूप निराळे का झाले, तेही पाहण्यासारखे आहे. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी १८८० साली ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले, तेव्हापासून मराठी संगीत नाटकात गाणारा नट आणि न गाणारा नट एकाच रंगमंचावर सुखाने नांदत आले. ‘एकच प्याला’मध्ये सिंधूच्या पदांसाठी बालगंधर्व होते, तर सुधाकराची अवघड गद्य भूमिका गणपतराव बोडस यांची. देवलांच्या ‘संशयकल्लोळ’मध्ये आश्विनशेठ गातो, पण नाटक पुढे ढकलतो तो फाल्गुनराव, आणि तीही भूमिका बोडसांचीच. नावाजलेल्या पण न गाणाऱ्या नटाला मोठे काम देण्याची सोय आपल्या नाटककारांनी संहितेतच करून ठेवली होती. अमेरिकन संगीत नाटकात विनोद, करुणा, गाणे आणि नाच हे सारे एकाच मुख्य पात्राच्या खांद्यावर असते. तेथे काम वाटून देता येत नाही.

तरीही ‘फनी गर्ल’च्या जातीचे एक नाटक आपल्याकडे आहेच. पुरुषोत्तम दारव्हेकर यांचे ‘कट्यार काळजात घुसली’. १९६७ साली ते आले, तेव्हा संगीत होते गोव्याचे सुपुत्र पंडित जितेंद्र अभिषेकी यांचे आणि खाँसाहेबांच्या भूमिकेत होते डॉ. वसंतराव देशपांडे. दोन घराण्यांच्या गायकीचा झगडा हाच त्या नाटकाचा विषय. खाँसाहेबांचे गाणे सामान्य निघाले, तर त्यांचा अहंकार हास्यास्पद होतो आणि सदाशिवाने त्यांच्या दारी विद्येसाठी राबण्यालाही अर्थ उरत नाही. २०१५ साली त्यावर चित्रपट निघाला. खाँसाहेब झाले सचिन पिळगांवकर आणि त्यांना गळा दिला वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे यांनी. सदाशिव झाले सुबोध भावे, गळा महेश काळे यांचा. पंडितजींच्या भूमिकेत मात्र शंकर महादेवन स्वतःच गायले. तिन्ही तोडगे एका चित्रपटात! प्रेक्षकांनी तो डोक्यावर घेतला, आणि आवाज दुसऱ्याचा आहे म्हणून कोणाला फसविल्यासारखे वाटले नाही. तेच नाटक उद्या रंगमंचावर आणावयाचे झाले, तर खाँसाहेबांसाठी गवईच शोधावा लागेल, मग त्याचा चेहरा कोणी पाहिलेला असो वा नसो.

ब्रॉडवेने या अडचणीवर एक व्यावहारिक उपाय केला आहे; तो म्हणजे बदली नटाची पद्धत. मोठ्या भूमिकेसाठी संपूर्ण तयार असलेला एक नट अथवा नटी दररोज सज्ज असते. ‘हॅलो, डॉली!’मध्ये मिडलर आठवड्याला सातच प्रयोग करीत आणि आठवा डॉना मर्फी यांच्याकडे असे. ‘फनी गर्ल’मध्ये ली मिशेल आल्यानंतर गुरुवारचा प्रयोग ज्यूली बेन्को यांना नेमून दिला गेला, तसे जाहिरातीतही सांगितले जाई. ही पद्धत घशाला विश्रांती देते, आणि न गाजलेल्या गळ्याला हक्काची एक रात्र मिळवून देते.

आपल्यापैकी कोणाचे मुलगे-मुली तिकडे असतील आणि त्यांच्याकडे गेल्यावर असे नाटक पाहण्याचा योग आला, तर एवढे ध्यानात ठेवावे. प्रवेशदालनातील फलकावर त्या प्रयोगात कोणती भूमिका कोण करणार हे लिहिलेले असते, आणि बदल असल्यास कार्यक्रमपत्रिकेत एक चिठ्ठी घातलेली असते. नाटकाच्या नावाच्या वर ज्या नटाचे नाव छापलेले असते, तो त्या दिवशी उभा राहणार नसेल, तर तिकिटाचे पैसे परत मागता येतात अथवा दुसऱ्या दिवसाचे तिकीट घेता येते. नाटकाच्या नावाच्या खाली ज्यांची नावे असतात, त्यांच्यासाठी अशी सवलत नाही. बेन्को यांच्या गुरुवारी पैसे परत मागण्याचा प्रश्नच नव्हता. तिकीट घेतानाच त्या कोण हे सांगितलेले असे, आणि तरीही लोक येत.